बाबांच्या युकाताचं कापड पाठवलंय

नागोया

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आधी ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. मी अजून दोन वर्षं इथेच राहायचं ठरवलंय. ऑफिसला होकार कळवून झालाय. विचारून ठरवायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी "तुझं तू बघ" म्हटलं असतं आणि मग बाबा दोन दिवस गप्प बसले असते. काम मधेच सोडण्यासारखं नाही, दादा हाकेच्या अंतरावर आहे, मे महिन्यात तीन आठवडे येणारच आहे. दिवाळीला मात्र नाही जमणार. चकल्या पाठवू नकोस. म्हणजे पाठवल्यास तर चालेल, पण त्यासाठी उभी राहू नकोस.

आता पार्सलबद्दल. पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली ती गुंडाळी साडीची नाही, टेबलक्लॉथची तर नाहीच. इथे तिला तानमोनो म्हणतात. पन्हा जेमतेम ३६ सेंटिमीटर, लांबी साधारण १२ मीटर, आणि त्यात एक अख्खा युकाता, म्हणजे इथला सैल सुती झगा, बसतो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून लेंगा चढवताना बाबांची जी कसरत चालते, तिच्यावर हा उपाय आहे. पाय उचलायचा नाही, डोक्यातून घालायचं नाही. पलंगावर बसल्या बसल्या पाठीवरून घ्यायचा, पुढे आणून बांधायचा. बाबा, दवाखान्यातल्या त्या मागून उघड्या गाऊनसारखा नाही हो हा. पूर्ण अंग झाकतो, पुढे चांगला हातभर एकावर एक येतो. पूर्वी न्हाणीघरात घालायचं वस्त्र होतं ते, आता उन्हाळ्यात आणि झोपताना घालतात.

तयार का नाही घेतला? कारण तयार मिळतो तो ठरावीक मापाचा, आणि बाबांना घोट्याच्या वर हवा. शिवाय, खरं सांगू, चष्म्याचा नंबर बदलल्यापासून तू मशीनवर झाकण घालून ठेवलंयस हे मला दादाने सांगितलं.

आई, चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेस, पण इथे तू नवशिकी आहेस हे आधी मान्य कर. तुझ्या हाताच्या तीन सवयी इथे नडतील. पहिली, मुंढा गोल कापायची. दुसरी, जास्तीचं कापड छाटायची. तिसरी, शिवण उलगडून दोन्हीकडे इस्त्री करायची. युकातात मुंढा नाही, आकार द्यायचे टक्स नाहीत, खांद्याला शिवण नाही, एकही वळणदार काप नाही. सगळे आठ तुकडे सरळ पट्ट्या: अंगाचे दोन, बाह्या दोन, पुढच्या पदराच्या पट्ट्या दोन (ओकुमी), एक गळपट्टी आणि तिच्यावर चढवायची एक छोटी गळपट्टी. जिथे आकार हवा तिथे कापायचं नाही, दुमडून आत घालायचं.

आधी कापड भिजव. घडी न मोडता मोठ्या टबात चार तास साध्या पाण्यात बुडवून ठेव, पिळू नकोस, सावलीत वाळव आणि किंचित दमट असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री कर. सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर कापड आखडतं, दोरा तेवढाच राहतो आणि गळपट्टीला चुण्या पडतात; मग उसवण्याशिवाय गत्यंतर नाही. माप आटल्यानंतरचंच धर. आणि टेपची सेंटिमीटरची बाजू वापर, इंचाची नाही. इथल्या शिवणकामाचं जुनं माप वेगळंच आहे, त्याला कुजिराजाकू म्हणतात, एक शाकू म्हणजे सुमारे ३७.९ सेंटिमीटर. त्यात शिरू नकोस.

बाबांची मापं मी गेल्या मे महिन्यात नाडीच्या दोरीने घेतली होती, ती अजून माझ्याकडे आहेत. त्यावरून हिशेब असा. तयार लांबी १३२. (उंचीतून २५-२७ वजा करतात, म्हणजे खरं तर १३८-१४० हवी; पण काठी आणि चप्पल यांच्यात काठ अडकायला नको.) त्यात खालच्या दुमडीचे २ आणि कमरेला आतून घालायच्या टकेचे ८, म्हणजे १४२. पुढून मागे एकच सलग कापड खांद्यावरून जातं, म्हणून एका अंगाला २८४, दोन्ही मिळून ५६८. बाह्या तयार ४५ लांब, कापताना ४८ धर. दुहेरी म्हणून ९६, दोन्हींच्या १९२. उरलेल्यातून अडीच मीटरचा एक तुकडा काढ, तो उभा चिर: एक पट्टी १९ रुंद, दुसरी १७. रुंद पट्टी मधोमध कापली की दोन ओकुमी. अरुंद पट्टीतून १६० ची गळपट्टी आणि ८० ची वरची. एकूण दहा मीटरच्या थोडं वर. उरलेलं कापड जपून ठेव, बसण्याच्या जागी आतून लावायला लागेल; तिथली शिवण सगळ्यात आधी विरते.

कात्री लावायच्या आधी सगळं कापड मापाप्रमाणे पंख्यासारखं मागेपुढे घडी घालून बघ. बाह्यांचे चार थर, अंगांचे चार थर. नक्षी तेव्हाच तपास. खांद्यावर जोड नसल्यामुळे एकाच दिशेची नक्षी पुढे सुलटी असेल तर मागे उलटी येते. म्हणून मी दिशा नसलेली नक्षी निवडली. आणखी एक सोय: हे कापड हामामात्सूकडच्या चूसेन पद्धतीने रंगवलंय, रंग थरांवर ओतून आरपार नेतात. दोन्ही बाजू सारख्या, उलट-सुलट चुकायचं भय नाही. इथे जवळच अरिमात्सू आहे, १६०८ साली वसलेलं, आपल्या बांधणीसारखं कापड करणारं. ते फार सुंदर असतं, मला तेच पाठवायचं होतं. पण ते चुणीदार, ताणलं जाणारं. पहिल्या वेळी माप हातात राहत नाही. पुढच्या वेळी.

गळ्याचा काप हा एकच भीतीचा. दोन्ही अंगं एकावर एक ठेव, खांद्याच्या घडीवर मधल्या किनारीपासून आत आडवे ९ सेंटिमीटर. बस्स. पुढून उभा काप नाही, ती किनार मोकळीच असते. (बायकांच्या युकातात हा काप दोन-तीन सेंटिमीटर पाठीकडे सरकवतात, मान दिसावी म्हणून. बाबांना नको.) कापाच्या टोकाला आतून लहानसा चौकोनी तुकडा लाव. सगळा ताण तिथे येतो आणि तिथे माया (शिवणीबाहेरचं कापड) असते फक्त अर्धा सेंटिमीटर.

शिवायचा क्रम बदलू नकोस: बाह्या, पाठीची मधली शिवण, बसण्याच्या जागेचं अस्तर, बगला, ओकुमी, खालची दुमड, गळपट्टी, शेवटी बाह्या जोडणं. गळपट्टी आधी लावलीस तर खालच्या कोपऱ्यांची दुमड नीट बसत नाही.

टाका म्हणजे आपला धावदोराच, गोधडीचा, पण तीन-चार मिलिमीटरचा. फरक एवढा की सुई कापडातून बाहेर काढायची नाही. मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर अंगठीसारखी पट्टी असते (पाकिटात ठेवलीय, तुझ्या टोपीसारख्या अंगुस्तान्यापेक्षा वेगळी), तिच्यावर सुईचं बूड टेकवायचं आणि कापड वरखाली हलवायचं. वीतभर शिवून झालं की दोन बोटांत शिवण धरून दोऱ्याच्या दिशेने ओढत ने, सगळ्या चुण्या निघून जातात. हे विसरलीस तर पहिल्या धुण्यानंतर शिवण आखडलेली दिसेल. पाठीची शिवण दोनदा घाल, दुसरी पहिल्यापासून थोडी बाहेर.

मशीन? पाठ आणि बगला मशीनवर चालतील, टाका मोठा ठेवून. पण मला विचारशील तर हातानेच कर. ताण आला की हातशिवणीचा दोरा आधी तुटतो, कापड वाचतं. मशीनच्या टिपेला कापडच फाटतं. आणि हातशिवण उसवली की सगळ्या पट्ट्या परत सरळ मिळतात. इथे जुना युकाता झिजला की आधी झोपायला, मग बाळाची दुपटी, शेवटी फडकं. आजीच्या लुगड्यांचं व्हायचं तसंच.

इस्त्री करताना शिवण उलगडायची नाही. दोन्ही माया एकाच बाजूला, शिवणीच्या दोन मिलिमीटर पुढून मोड, म्हणजे सुलट्या बाजूने दोरा दिसत नाही. बगलेत मागची रुंदी ३०, पुढची २५; म्हणजे आत पुढे दहाएक सेंटिमीटर माया उरेल. तुझी कात्री तिकडे वळेल. नको. ती तशीच आत पसरून सैल टाक्याने टाचायची. बाबा जाड झाले तर तिथून सोडता येईल, बारीक झाले तर... होऊ देऊ नकोस. कमरेच्या टकेचं तेच. खालचा काठ विरला की तो कापून टाकायचा आणि टक सोडायची, लांबी तेवढीच राहते.

बाहीचं तोंड २५ ठेव, बाकी खाली शिव, कोपरा दोन सेंटिमीटरने गोल. बायकांच्या बाहीची मागची कड आणि बगल उघडी असते, पुरुषांची बंद. बाही खांद्यापासून ३८ सेंटिमीटर अंगाला जोड, खालचे ७ स्वतःशीच शिवून टाक. बगलेची शिवणही थेट तिथपर्यंत. मानेच्या मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत ६३ पुरे. जास्त लांब केलीस तर आमटीत बुडेल. बाबा, हा घालून गॅसपाशी चहा करायला उभं राहायचं नाही. अजिबात.

आता गळपट्टी. चुकतं ते इथेच. अंग, ओकुमी आणि गळपट्टी जिथे मिळतात त्या टोकाला केन्साकी म्हणतात, तलवारीचं टोक. तिथून खाली ओकुमीवर तिरकी रेघ येते. तिरक्या रेघेवर कापड उरेबी असतं, ओढलं की वाढतं, आणि पुढचा काठ लाटांसारखा होतो. म्हणून ओकुमी टेबलावर सपाट राहू दे, वर उभ्या धाग्याची गळपट्टी ठेव, बोटभर अंतरावर टाचण्या लाव, मगच शिव. मानेच्या वळणावर मात्र गळपट्टी किंचित सैल सोड, घट्ट बसवलीस तर मानेमागे आठी पडते. तिरक्या रेघेबाहेर उरलेलं कापड कापू नकोस, ते गळपट्टीच्या पोटात जातं. त्यानेच तिला अंग येतं. तयार रुंदी सगळीकडे साडेपाच. आधी जुन्या चादरीवर एकदा तरी हा भाग करून बघ. माझ्यासाठी कर.

चादरीवर नको, पूर्ण युकाताच आधी साध्या मांजरपाटाचा करून बघते म्हणालीस तर ४४ इंच पन्ह्याचं सव्वाचार मीटर लागेल: दोन्ही अंगं शेजारी शेजारी, उरलेल्या पट्टीत ओकुमी आणि गळपट्टी, खाली बाह्या. पण त्यात कापलेल्या कडा सुटतात, त्या आत मोडाव्या लागतील. तानमोनोला दोन्हीकडे किनार असते, तो त्रास नाही.

ओकुमीच्या कडेला एक नाडी आणि उजव्या बगलेत बाहेरून दुसरी लाव. आतल्या पदरासाठी डाव्या बगलेत आतून एक. झबल्याला लावायचीस तशा. माझ्या झबल्याच्या नाड्या म्हणे मी चघळून काढायचे. बाबांना पट्टा गुंडाळायचा कंटाळा, एवढं पुरेल.

आणि हे नीट वाच: घालताना आधी उजवा पदर अंगाशी, त्यावर डावा. नेहमी. ७१९ साली इथे तसा हुकूमच निघाला होता. उलट फक्त गेलेल्या माणसाला गुंडाळतात. घाबरवत नाहीये, पण बाबांना आरशात बघून उलटं करायची सवय आहे.

दुपारी खिडकीपाशी शिव, रात्री ट्यूबच्या उजेडात नाही. पांढरी जमीन मुद्दाम घेतली, टाके दिसावेत म्हणून. एका दिवशी एकच शिवण. डोळ्यातले थेंब चुकवायचे नाहीत, बाबांचे व्यायाम चुकवायचे नाहीत, आणि दोघांनी एकमेकांच्या तक्रारी मला फोनवर वेगवेगळ्या सांगायच्या नाहीत. घाई नाही गं. मी येईपर्यंत नुसती पाठ जोडून ठेवलीस तरी चालेल, केन्साकी आपण मिळून करू.

रविवारी फोन करते, तोपर्यंत कापड भिजवून लांबी मोजून ठेव.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, पट्टाही पाठवलाय, एखाद्या दिवशी वाटलं तर. तो पोटाच्या वर नाही, पोटाच्या खाली बांधतात.