पहिल्या निवेदनाची तारीख लिहून ठेवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील एका विधी विद्यापीठाच्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची लैंगिक छळाची तक्रार मुदतबाह्य ठरवली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली आणि तक्रार २६ डिसेंबर २०२३ची होती. कायद्यात तक्रारीसाठी तीन महिने आहेत आणि चौकशी समितीला उशिराचे कारण पटले तर आणखी तीन, म्हणजे ऑक्टोबरातच दार बंद झाले होते. या निकालाची नोंद संबंधित कुलगुरूंच्या स्वपरिचयात राहावी, असेही न्यायालयाने सांगितले, पण तक्रार गेली ती गेलीच. त्यावर चर्चा झाली ती नैतिकतेची. सरकारी नोकरीत भेदभाव सोसणाऱ्या प्रत्येकाला त्या निकालातले तारखांचे गणित अधिक उपयोगाचे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

पदोन्नतीत डावलणे, आकसाने बदली, दिव्यांग कर्मचाऱ्याला सुविधा नाकारणे, जातीवरून गोपनीय अहवाल खराब करणे या प्रत्येक गोष्टीला दाद मागायची जागा वेगळी आणि मुदतही वेगळी आहे. या मुदती एकाच वेळी चालतात. एका ठिकाणी अर्ज केला म्हणून दुसऱ्या ठिकाणची मुदत थांबत नाही. बहुतेक प्रकरणे बुडतात ती इथेच.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी मुख्य जागा म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आपले मॅट. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. दोन्हींना प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे आधी खात्यांतर्गत अपील किंवा निवेदन करावे लागते. कलम २१ प्रमाणे त्यावर अंतिम उत्तर आले तर तिथून एक वर्ष मिळते. उत्तर आलेच नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि ते संपल्यापासून एक वर्ष मोजायचे. समजा, कनिष्ठाला पदोन्नती मिळाली आणि तुम्ही १० जून २०२५ रोजी निवेदन दिले. २० ऑगस्टला नकार आला, तर मुदत २० ऑगस्ट २०२६पर्यंत. काहीच आले नाही, तर सहा महिने १० डिसेंबर २०२५ला भरतात आणि न्यायाधिकरणातला मूळ अर्ज १० डिसेंबर २०२६च्या आत दाखल व्हायला हवा. सहा महिने उलटून गेल्यावर, जानेवारीत वगैरे, नकाराचे पत्र हातात पडले, तरी शहाण्या माणसाने १० डिसेंबर २०२६च धरावा. नव्या पत्राने नवे वर्ष मिळते की नाही, हा वाद स्वतःच्या प्रकरणात कशाला ओढवून घ्यायचा?

प्रत्यक्षात होते असे. आस्थापना शाखेत निवेदन पडते. तीन महिन्यांनी स्मरणपत्र क्रमांक १ जाते, मग २, मग ३. प्रत्येक पत्राच्या डोक्यावरची 'संदर्भ'ची यादी लांबत जाते आणि पाठवणाऱ्याला वाटते, पाठपुरावा चालू आहे, प्रकरण जिवंत आहे. एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९८९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले आहे की, कायद्यात तरतूद नसलेली निवेदने पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. जुन्या विषयावर नवे निवेदन द्यायचे, त्याला चार ओळींचे उत्तर मिळवायचे आणि त्या उत्तरापासून मुदत मोजायची, ही युक्तीही सी. जेकब प्रकरणात २००८ साली बंद झाली. मुदत पहिल्या निवेदनाच्या आवक शिक्क्यापासून मोजा. स्मरणपत्र जरूर द्या, पण ते दिल्याने एक दिवसही वाढत नाही.

मंत्र्यांच्या भेटीत दिलेले पत्र, आमदारांची शिफारस, संघटनेच्या लेटरहेडवरचे सामूहिक निवेदन यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नये. आपले स्वतःचे, सक्षम अधिकाऱ्याच्या नावे, योग्य मार्गाने दिलेले आणि अग्रिम प्रत पुढे पाठवलेले निवेदन हवे. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख हवी. ई-ऑफिसमध्ये पावती निघाली असेल तर तीही छापून ठेवावी. आदेश टपालाने आला असेल तर पाकीट फेकू नये. आदेशावरची तारीख आणि तो हाती पडल्याची तारीख यांत कधी कधी महिन्याचा फरक असतो.

माहिती अधिकाराचाही असाच गैरसमज आहे. विभागीय पदोन्नती समितीचे इतिवृत्त हातात आल्याशिवाय न्यायाधिकरणात कसे जायचे, म्हणून लोक थांबतात. अर्जाला ३० दिवस, मग पहिले अपील, मग दुसरे अपील माहिती आयोगाकडे. तिथली प्रतीक्षा सगळ्यांना माहीत आहे. तोवर वर्ष सरते. इतिवृत्त नसले तरी मूळ अर्ज दाखल करता येतो आणि ते अभिलेख सादर करायला लावण्याची विनंती न्यायाधिकरणालाच करता येते.

आयोगांचेही तेच. अनुसूचित जाती आयोग चौकशी करू शकतो, अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, शिफारस करू शकतो. पण आदेशाला स्थगिती देण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच इंडियन ओव्हरसीज बँकेच्या प्रकरणात सांगितले. आयोगाकडे जाऊ नये असे मी म्हणत नाही, जावे. पण तिथली सुनावणी चालू असताना न्यायाधिकरणाचे वर्ष संपू देऊ नये.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६च्या कायद्यात चांगली तरतूद आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, त्याच्याकडे नोंदवही हवी आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. मेख 'नोंद झाल्यापासून' या शब्दांत आहे. अर्ज घेतला पण नोंदवहीत चढवला नाही, तर दोन आठवडे सुरूच होत नाहीत. म्हणून अर्ज देतानाच नोंदवहीतला क्रमांक मागून घ्यावा. नोंदवहीच नाही असे उत्तर आले, तर ते लेखी घ्यावे. पुढे तोच पुरावा होतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीत मुदतीशिवाय आणखी एक चूक घडते. तक्रार कार्यालय प्रमुखांकडे दिली जाते, ते 'बघतो' म्हणतात आणि महिने जातात. तक्रार अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्यावी. नियमांप्रमाणे सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. मात्र नंतर झालेली बदली किंवा काढून घेतलेले काम हीच 'शेवटची घटना' असे गृहीत धरू नये. कोलकात्याच्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा टिकला नाही. नंतरच्या प्रशासकीय निर्णयांचा छळाच्या घटनांशी थेट संबंध न्यायालयाला दिसला नाही. तीन महिने उलटले असतील तर उशिराचे कारण तक्रारीतच, तारखांसह लिहावे, कारण मुदतवाढ देताना समितीला कारणे लेखी नोंदवावी लागतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच आपला गोपनीय अहवाल लिहिणार असताना तीन महिने फार कमी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत तेवढेच आहेत.

बाकीचे थोडक्यात. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध खात्यांतर्गत अपील ४५ दिवसांत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना गोपनीय अहवालातील शेऱ्यांवर म्हणणे मांडायला १५ दिवस. बदलीच्या प्रकरणात सहा महिने थांबण्यात अर्थ नाही. कलम २० मध्ये 'सामान्यतः' हा शब्द आहे, त्यामुळे तातडीच्या प्रकरणात न्यायाधिकरण आधीही दखल घेऊ शकते. कार्यमुक्त होण्यापूर्वी जावे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची वाट उच्च न्यायालयाची. तिथे ठरावीक दिवस नसले तरी उशीर विचारात घेतला जातोच.

वेतननिश्चितीत अन्याय झाला असेल तर थोडी सवलत आहे. दर महिन्याला कमी पगार मिळणे हा चालू राहणारा अन्याय मानला जातो. पण तरसेम सिंग निकालाप्रमाणे (२००८) उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. ही सवलत पदोन्नती आणि ज्येष्ठतेला लागू नाही, कारण तिथे इतरांचे हक्क मध्ये आलेले असतात. कनिष्ठाला पदोन्नती मिळाल्यास सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात दाद मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सदाशिवस्वामी प्रकरणात पन्नास वर्षांपूर्वीच म्हटले आहे.

मुदत टळलीच असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात 'घरगुती अडचणी' असे मोघम लिहून भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कशामुळे अडले, ते कागदासह दाखवावे लागते. रुग्णालयाचे कार्ड चालते. 'साहेबांनी तोंडी आश्वासन दिले होते' हे सहसा चालत नाही.

आता शासनाकडे एक मागणी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(८) प्रमाणे माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच पत्रात अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावाच लागतो. जी शिस्त साध्या माहितीच्या अर्जाला आहे, ती माणसाची पंधरा वर्षांची ज्येष्ठता घालवणाऱ्या आदेशाला का नसावी? पदोन्नती, बदली, ज्येष्ठता यादी, निवेदनावरील नकार या प्रत्येक कागदाच्या तळाशी दोन ओळी छापाव्यात: दाद कोणाकडे मागायची आणि किती दिवसांत. अंतर्गत समितीच्या स्थापनेचा आदेश दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्याच फलकावर 'तक्रारीची मुदत : घटनेपासून ३ महिने' एवढे लिहायला वेगळा निधी लागणार नाही. सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले तरी पुरे.

आपला,
सेवाविषयक नियमांचा एक अभ्यासक, पुणे