शोधलेलं पान आधी दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शोधयंत्रांच्या नव्या रूपाचं भरभरून कौतुक करणारा लेख वाचला. आता दहा पानं चाळायची गरज उरली नाही, उत्तर थेट डोळ्यांसमोर येतं, असा लेखकाचा सूर आहे. लेख सुबोध आहे, मेहनतीने लिहिलेला आहे. पण लेखकांना एक विचारावंसं वाटतं. हे थेट उत्तर त्यांनी कधी शेतीच्या कामासाठी, मराठीत, मोबाइलच्या लहानशा पडद्यावर वाचून पाहिलं आहे का? पाहिलं असतं तर हा लेख असा लिहिलाच गेला नसता.

माझं माहेर काटोलकडचं. भावाची संत्र्याची बाग आता भाचा पाहतो. यंदा झड लागली, आंबियाची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहाराची, फळं गळायला लागली आणि त्याला बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक द्रावणाची, फवारणी करायला सांगण्यात आलं. शेतात नेट चालत नाही, फोन तेवढा लागतो. त्याने मला विचारलं, "आत्या, मोरचूद-चुन्याचं प्रमाण पाहून सांग ना." मी शोधलं. सगळ्यात वर यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, रचलेलं उत्तर आलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्याखालच्या ओळी फिकट होत गेलेल्या आणि मग 'अधिक दाखवा'चं बटण. जे पडद्यावर दिसत होतं ते मी वाचून दाखवलं. भाऊ तिथंच बसला होता. तो म्हणाला, "थांब वं. हे पेस्टचं हाय का फवाऱ्याचं?"

बटण दाबलं तेव्हा कळलं. दहा लिटरचं प्रमाण बोर्डो पेस्टचं होतं, जी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर झाडाच्या खोडाला लावतात. फवारणीसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी घ्यावं लागतं, आणि ही ओळ खालच्या झाकलेल्या भागात होती. दहापट कडक द्रावण झाडावर गेलं असतं तर कोवळी पानं आणि फळं करपली असती. वर्षाचं पीक हातचं गेलं असतं. उत्तरातला मजकूर बरोबर होता, हे मी मुद्दाम लिहिते. तो अर्धा झाकून दाखवायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यावर माझा राग आहे. भावाची उभी हयात संत्र्यात गेली म्हणून आमचं निभावलं. ज्याची बाग नुकती फळावर आली आहे, त्याला 'थांब' म्हणणारं कोण आहे?

हे कोणत्या शोधयंत्रावर घडलं ते लिहीत नाही. एकाचं नाव घेऊन उपयोग नाही, सगळ्यांनी एकच वाट धरली आहे.

पूर्वी असा शोध घेतला की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं किंवा इथल्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं पान लवकर हाती लागायचं. आता तिथवर पोचायला यंत्राचं उत्तर, औषधांच्या जाहिराती, व्हिडिओंची रांग आणि 'लोक हेही विचारतात'ची चौकट ओलांडावी लागते. मराठीत विचारलं तरी निम्मी पानं हिंदीत येतात आणि त्यांत पंजाब-राजस्थानच्या किन्नू या वेगळ्या जातीच्या संत्र्याची माहिती असते. किन्नूचा सल्ला घेऊन आमच्या आंबियाचं काय करायचं? नागपूरच्या संत्र्यावर संशोधन करणारी संस्था नागपुरात आहे आणि नागपूरकरांनाच ती शोधून सापडू नये, ही मला फार लागणारी गोष्ट आहे.

जाहिरातींचं तर विचारूच नका. गूगलवर एके काळी जाहिरातींच्या मागे फिकट रंगाचा पट्टा असे. 2013 च्या सुमारास तो जाऊन छोटी पिवळी खूण आली, पुढे ती हिरवी झाली, 2020 मध्ये नुसती काळी अक्षरं उरली. आता 'प्रायोजित' असा शब्द असतो. घाईत असलेल्या माणसाला तो दिसत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. तो रंग कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही, सरकारी नियमाने ठरलेला आहे. अक्षरओळख नसलेला गडीसुद्धा लाल त्रिकोण पाहिला की हात राखून वागतो. मग जाहिरातीचा रंग ठरवायचा अधिकार जाहिरात विकणाऱ्याकडेच का? तोही सरकारने ठरवून द्यावा.

हा कंपनीचा खासगी मामला आहे, असं कोणी सांगू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड केला होता. निकालाच्या पानावर काय कुठे बसवायचं, याचा जाब मागता येतो हे आपल्या देशात मान्य झालेलं आहे. आणि लोक बोलले की फरकही पडतो. जानेवारी 2020 मध्ये गूगलने संगणकावर प्रत्येक निकालाशेजारी त्या-त्या संकेतस्थळाचं चिन्ह घातलं आणि जाहिरात कोणती, निकाल कोणता, हे ओळखू येईना. लोकांनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच कंपनीने मांडणीचा फेरविचार केला. हे आठवलं म्हणूनच पत्र लिहायला बसले.

मे 2024 मध्ये गूगलने 'वेब' नावाचा एक पर्याय आणला. त्यात फक्त संकेतस्थळांचे दुवे दिसतात. चांगली सोय आहे, मी ती वापरते आणि शेजारीपाजारी शिकवतेही. पण ती दर शोधाला शोधून निवडावी लागते. यंत्राचं उत्तर ऑगस्ट 2024 मध्ये भारतात आलं, ते मात्र कोणालाही न विचारता सगळ्यात वर जाऊन बसलं. हे उलट करा, एवढंच मागणं आहे. आधी पानं दाखवा. ज्याला यंत्राचं उत्तर हवं असेल तो बटण दाबेल. आणि औषधाच्या मात्रा, द्रावणांची प्रमाणं असलेलं उत्तर दाखवायचंच असेल तर अख्खं दाखवा.

जाता जाता आपल्याबद्दलही लिहिते. आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळाचं रूप बदललं आणि तारखेवरून जुना अंक काढायची सोय गेली. फळगळीवर आपल्याच कृषी पानात आलेला लेख भाच्याला पाठवायचा होता, तो मिळाला नाही. शेवटी मैत्रिणीने जपून ठेवलेल्या कात्रणाचा फोटो काढून पाठवला. शिवाय नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव रोज छापून यायचे, तेही बंद झाले. बागायतदाराच्या घरी ते भाव पहिल्या पानाच्या आधी वाचले जातात. व्यापारी बांधावर येऊन भाव सांगतो, तेव्हा समोर धरायला तेवढाच एक कागद असतो. आंबियाचा माल बाजारात उतरायच्या आत ते पुन्हा सुरू करावेत, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर