वर्गातला नववा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की गणवेश, पाठ्यपुस्तके, संचमान्यता (म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर होणे) आणि गळक्या वर्गखोल्या यांवर आपल्या पत्रसदरात पत्रे येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत. पण वर्गाचे दार लोटल्यावर आत शिक्षक आणि मुले एकमेकांशी काय बोलतात, याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. मी धाराशिव जिल्ह्यात आधी प्राथमिक शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, म्हणून नोकरी केली. केंद्रप्रमुखाला शेवटच्या ओळीत, मुलांच्या मागे बसून पाठ पाहावा लागतो. तिथून जे ऐकू येते ते फळ्याजवळ उभे राहून ऐकू येत नाही, हे मला बरेच उशिरा कळले.

सर्वाधिक ऐकलेला संवाद दोन ओळींचा आहे. शिक्षक विचारतात, ‘‘समजलं का?’’ आणि वर्ग एका सुरात म्हणतो, ‘‘हो सर!’’ हा प्रश्न नव्हेच. पाठ संपल्याची ती घंटा आहे आणि मुलांनाही ते पहिलीपासून ठाऊक असते. ‘‘नाही’’ म्हणणाऱ्याला चाळीस जणांसमोर उभे राहून आपले काय अडले ते सांगावे लागते, आणि जे समजलेलेच नाही ते शब्दांत मांडणे मोठ्या माणसालाही जड जाते. वर ‘‘मग इतका वेळ लक्ष कुठं होतं?’’ हेही ऐकावे लागते. त्यापेक्षा ‘‘हो सर’’ स्वस्त पडते.

बी.एड.ला नेड फ्लँडर्स या अमेरिकन अभ्यासकाची आंतरक्रिया-विश्लेषणाची पद्धत आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. वर्गात काय चालले आहे याची दर तीन सेकंदांनी दहापैकी एका रकान्यात नोंद करायची. त्यातले सात रकाने शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि शेवटचा शांततेचा किंवा गोंधळाचा. विद्यार्थ्याच्या दोन रकान्यांपैकी आठवा म्हणजे विचारले तेवढे उत्तर देणे आणि नववा म्हणजे मुलाने आपणहून बोलणे, शंका काढणे, स्वतःचे काही मांडणे. केंद्रप्रमुख झाल्यावर गंमत म्हणून मी वहीत ते दहा रकाने आखू लागलो. शिक्षकाचे रकाने भरून वाहायचे, आठव्यात बऱ्यापैकी रेघा पडायच्या, आणि नववा पाठामागून पाठ कोरा राहायचा. गंमत तिथेच संपली.

त्या दिवसांतला एक पाठ सांगतो. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, बावन्नातून अडतीस. एका मुलीने फळ्यावर उत्तर लिहिले २६. बाईंनी ‘‘चुकलं, बस खाली. कोण सांगेल?’’ म्हटले, पुढच्या बाकावरच्या नेहमीच्या मुलाने १४ सांगितले, टाळ्या पडल्या आणि पाठ पुढे गेला. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत मी त्या मुलीला विचारले, ‘‘सव्वीस कसं काढलंस गं?’’ ती न अडखळता म्हणाली, ‘‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’’ म्हणजे पोरीने आकडेमोड चोख केली होती. दोनातून आठ जात नाहीत, तर मोठ्यातून लहान काढायचे, असा नियम तिने आपल्यापुरता बसवला होता. नंतर पाहिले तर वर्गातल्या निम्म्या पाट्यांवर सव्वीसच होते. ‘‘कसं काढलंस?’’ एवढे विचारले असते तर बाईंना तो नियम जागेवर सापडला असता. त्यांच्या हाती मात्र वर्गाला वजाबाकी येते असा चुकीचा निरोप आला, आणि त्या मुलीकडे आपल्याला गणित येत नाही असा.

या बाई आळशी नव्हत्या. दोन शिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, त्यात दुपारी बारापर्यंत माहिती पाठवा असा ग्रुपवर निरोप, मतदार यादीचे काम वेगळे. घाईत विचारलेल्या प्रश्नाला घाईचेच उत्तर हवे असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने प्राथमिक वर्गांत मोजून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे दिसले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुलांकडूनही प्रश्न येतात, हे त्यांनी १९७४ मध्ये मांडले. तीन सेकंदांना ना अनुदान लागते ना शासन निर्णय. पण वर्गात ते फार लांब वाटतात. मी स्वतः मनात एक-दोन-तीन म्हणायला लागलो तेव्हा दोनलाच तोंडून उत्तर निसटायचे.

वर्गातल्या गप्प बसण्याला भाषेचीही एक बाजू आहे, आणि इथे दोष माझ्या पदरात आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या पहिलीच्या वर्गात तांड्यावरून आलेला एक मुलगा होता. चित्र दाखवून मी विचारले, ‘‘ही कोण?’’ तो म्हणाला, ‘‘याडी.’’ वर्ग हसला आणि मीही हसलो. वर ‘‘याडी नाही रे, आई म्हण’’ अशी दुरुस्ती केली. त्याने ‘आई’ म्हटले, पण त्यानंतर दिवाळीपर्यंत तो वर्गात चकार शब्द बोलला नाही, आणि दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला. चौथीतल्या त्याच्या बहिणीला बोलावून गोरबोलीतले, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेतले, चार शब्द शिकून घ्यावेत, हे मला सुचलेच नाही. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘म्या आनलं न्हाई’ असे बोलणाऱ्या मुलाचे वाक्य अर्ध्यावर तोडून ते प्रमाण मराठीत वदवून घेणारे सहकारी मी पुढे अनेक पाहिले, आणि त्यांना बोलताना दर वेळी तो मुलगा आठवला. प्रमाण भाषा शिकवावीच, पण मुलाचे म्हणणे पुरे झाल्यावर.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नऐवजी ‘पन्नास दोन’ असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत वाद झडला. मराठीचे काय होणार हे सगळ्यांनी सांगितले. ‘बावन्न’ ऐकल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर आधी कोणता आकडा येतो, हे मात्र सात वर्षांच्या मुलाला विचारताना मी कोणाला ऐकले नाही. तोही नववाच रकाना.

कायद्याचे म्हणाल तर कायदा चांगलाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली, आणि कलम २९ मध्ये मूल भयमुक्त असावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे असे म्हटले. छडी बऱ्याच अंशी गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘आपले विचार स्पष्ट शब्दांत मांडतो’, ‘न समजलेल्या भागाविषयी प्रश्न विचारतो’ अशा वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तिकेतून उतरवल्या जातात, आणि ज्याचा आवाज मी तासभर बसून ऐकला नाही त्याच्या नावापुढेही त्या सापडतात. नोंद तपासणारेही आम्हीच होतो. सही करून पुढे जात होतो.

म्हणून एक साधी सूचना करतो. शाळाभेटीच्या नमुन्यात पटसंख्या, उपस्थिती, पोषण आहार, शौचालयाची स्थिती या रकान्यांसोबत आणखी एक रकाना असावा: या तासात मुलांनी आपणहून विचारलेले प्रश्न, मुलांच्याच शब्दांत. संख्येचे उद्दिष्ट मात्र ठेवू नये, नाहीतर त्याच्याही पुस्तिका निघतील. शेवटच्या दोन वर्षांत मी अशी नोंद लॉगबुकात करत असे. वर सांगितलेल्या तिसरीच्या वर्गाची पहिली नोंद होती: ‘‘सर, बाहेर जाऊ का?’’ त्याच वर्गात दोन महिन्यांनी गेलो तेव्हा बाईंनी हजेरीपटाखालून एक कागद काढून दिला. पाच-सहा प्रश्न होते, आणि पहिलाच त्या मुलीचा: ‘‘दोनातून आठ जात नाहीत तर दहा कोणाकडून आणायचे, आणि परत कधी द्यायचे?’’

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, धाराशिव