कापडी कान

प्रिय मंदे,

चैत्रात तुझं पत्र आलं आणि उत्तराला मी आज बसतेय. चिडली असशील, चीड. माझी शुगर बरी, गुडघा तसाच.

गेल्या आठवड्यात रात्रशाळेत एका मुलाने ‘क्लॉथ-इअर्ड’चा अर्थ विचारला. कापडी कानांचा, म्हणजे समोरच्याचं धड न ऐकणारा. ब्रिटिश लोक बोलताना वापरतात, तेही वैतागून. निबंधात लिहू नका म्हटलं. शब्दांचा, सुरांचा नाद न कळणाऱ्यालाही म्हणतात. मग फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं, ‘माझा कापडी कानांचा बाप काही ऐकत नाही.’ पोरं हसली, आणि मला पुढे बोलवेना.

आबा अठरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होते गं, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागेपर्यंत. शंभर डेसिबलच्या आसपासचा खडखडाट, रोज आठ तास.

शनिवारी त्यांचे कान तपासून आणले. तिथल्या मुलीने आलेख दाखवला. जाड आवाजांना रेघ बरी चालते आणि चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांना, खड्ड्यात जाते. गोंगाटात राबलेला कान पहिल्यांदा तिथेच जातो. आवाज येतो, पण स, श, त, क गळतात. मी ‘साखर’ म्हणते, त्यांना ‘आ-अर’ पोचतं. भजनातला मृदंग मात्र लख्ख! म्हणून तर आई म्हणायची, सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं.

आठवतं, आपले बाप, तुझे भाऊ आणि माझे आबा, गॅलरीत तोंडं वेडीवाकडी करून बिनआवाजी गप्पा मारायचे? आपण नक्कल करून लोळायचो. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही अशाच बोलायच्या, ‘मी-मॉइंग’ म्हणत त्याला. ती ओठांची भाषा होती, मंदे.

आणि माझं स्थळ ठरलं तेव्हा ‘आबा, मला नको हे’ मी ओट्याशी भाकरी थापता थापता म्हटलं होतं. पाठमोरी, हळू आवाजात. ते ‘बरं बरं’ म्हणाले आणि सुपारी फोडायला गेले. जिन्यात तू म्हणालीस, ‘त्यांना ऐकू आलं नसेल,’ तर मी तुझ्याशी दोन महिने अबोला धरला. ‘ऐकत नाहीत’ आणि ‘ऐकू येत नाही’, यातलं पहिलंच मी धरून बसले. ह्यांच्याशी माझं वाईट झालं नाही, तुला ठाऊक आहे. पण आबांशी मी एकतीस वर्षं कामापुरतं बोलले.

आता त्यांना विचारू का? विचारलं आणि ऐकू आलंच नव्हतं असं निघालं, तर या वयात तो घोर त्यांच्या जिवाला कशाला? न विचारावं तर मला झोप नाही. भाऊंना ऐकू येत नाही हे तुला कधी कळलं? तू त्यांच्याशी काय बोललीस? एवढं तरी कळव.

धाकटीचं कॉलेज ठरलं का? पापड मिळाले, छान होते. जावयाच्या बदलीचं काय झालं?

कानाचं यंत्र सोमवारी मिळेल. तोवर मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसते, तोंडावर उजेड येईल अशी. काल त्यांनी विचारलं, ‘मंदी कशी आहे?’

तुझी,
मंगल