डीएसएलआर विकायला काढण्याआधी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

संक्रांत झाली, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची गर्दी ओसरली की दरवर्षी ओळखीतलं कोणीतरी माझ्याकडे येतंय आणि म्हणतंय, काका, कॅमेरा विकायचाय, गिऱ्हाईक असलं तर बघा. यंदा तर सख्खा पुतण्याच आला. यात्रेत तीनशे फोटो काढले, सगळे मळकट आलेत, त्यापेक्षा मोबाईलचे बरे, असं त्याचं म्हणणं. हे पत्र त्याच्यासाठी आहे आणि सोलापुरात ज्यांच्या ज्यांच्या कपाटात लग्नात नाहीतर कॉलेजात असताना हौसेनं घेतलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पडून आहे त्या सगळ्यांसाठी. विकायच्या आधी दोष खरंच कॅमेऱ्याचा आहे का तेवढं बघा, दहातल्या आठ वेळा तो नसतोय हा माझा अनुभव आहे.

पुतण्याचं कार्ड मी कॉम्प्युटरला लावून बघितलं. नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, सकाळचं स्वच्छ ऊन, आणि बाराबंद्या सगळ्या राखेत लोळल्यासारख्या. आता यात कॅमेऱ्यानं चूक काही केली नाही. त्याच्या आतला मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झालाय आणि तो फोटो काळा करतो, आणि काळं घोंगडं किंवा काळी म्हैस समोर आली की उलटं, काळ्याचं करडं करून ठेवतो. यावर उपाय म्हणजे ते अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक, आणि मग स्क्रीनवर बघून थोडं इकडंतिकडं करायचं. पण डायल हिरव्या ऑटोवर असला की हे बटण चालतच नाही, म्हणून आधी तो 'पी' वर आणा, ज्यांना अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, त्याचा 'एफ'चा आकडा) कळतंय त्यांनी 'ए' किंवा 'एव्ही' वर आणा. मोबाईल गुपचूप चार-पाच फ्रेम एकत्र करून, सावल्या उजळून फोटो तयार करून देतो, डीएसएलआर तसं करत नाही, त्याला सांगावं लागतंय. आणि 'रॉ' (सेन्सरनं टिपलेली कच्ची फाईल) चालू ठेवा, नेहमीच्या जेपेग फोटोमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६ हजारांवर, त्यामुळे मळकट आलेली बाराबंदी नंतरही बरीच सुधारता येते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःवर बेतलेली. तीन वर्षांमागं माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आणि व्ह्यूफाइंडरमधनं सगळं धुरकट दिसायला लागलं. एका दुकानात दाखवला तर लेन्स उघडून साफ करावी लागेल, अडीच हजार होतील म्हणाले. मी पैसे द्यायलाही तयार होतो पण घरी येऊन सहज जुने फोटो मोठे करून बघितले तर सगळे चक्क शार्प! मग शोधताना सापडलं, डोळा लावतो तिथं रबराच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं, रेघा असलेलं एक चाक आहे, डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणं जुळवायचं. पांढऱ्या भिंतीकडं कॅमेरा धरायचा, भिंतीकडं न बघता आतल्या काळ्या रेषा आणि खालचे आकडे बघायचे आणि ते काळेभोर, धारदार दिसेपर्यंत चाक फिरवायचं. बस. अर्ध्या मिनिटाचं काम, चष्मा काढून बघत असाल तर काढून, घालून बघत असाल तर घालून, म्हणजे ते पक्कं बसतंय. ज्यांनी चाळिशी ओलांडली आणि कॅमेरा खराब झाला म्हणून ठेवून दिला त्यांनी हे पहिलं करावं, माझी हात जोडून विनंती आहे.

पूर्वभागातल्या कारखान्यात माग चालू असताना फोटो काढणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते, एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, तिसरा पिवळा. तो ट्यूबलाईटचा खेळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण १/५०० शटरला (म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात) प्रत्येक फोटोत त्यातला वेगळाच क्षण सापडतो. शटर १/१०० ठेवा, फोटो एकसारखे येतील. धोटा थोडा पुसट येईल, येऊ द्या की, माग चालतोय हे त्यातनंच दिसतं, विणकराच्या चेहऱ्यावर फोकस पक्का असला म्हणजे झालं. आणि कारखान्यात लेन्स अजिबात बदलू नका, सुताचा बारीक कापूस हवेत असतोय तो थेट सेन्सरवर जाऊन बसतो. बसलाच तर तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे डाग पडतात ते कापसापेक्षा वाईट, रबरी ब्लोअर घ्यायचा आणि कॅमेरा पालथा धरून हवा मारायची.

आपल्या उन्हाचंही सांगायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी नान्नजच्या माळावर काळवीट दिसलं, मोठी झूम लावली आणि फोटो पाण्यातनं काढल्यासारखा लटपटीत आला, तर लेन्सला शिव्या देऊ नका. जमिनीवरनं उठणाऱ्या गरम हवेमुळे ते होतंय, त्यापुढं लाखाची लेन्ससुद्धा हात टेकते. सूर्य उगवता उगवता जा नाहीतर जवळ असलेल्या गोष्टींचा फोटो काढा. आणि कॅमेरा गाडीच्या डिकीत तेवढा सोडून जाऊ नका.

शोभेच्या दारूकामाला होम मैदानावर शेकडो फ्लॅश उडताना मी दरवर्षी बघतो. कॅमेऱ्यातला तो छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढं पोचत नाही, समोरच्या माणसाचं डोकं उजळतं आणि आभाळ तसंच राहतं. फ्लॅश बंद, ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ११, शटर चार-पाच सेकंद, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर, एवढं केलं तर कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सनंही सुंदर येतात. ट्रायपॉड नसला तर कट्ट्यावर उशी ठेवून काढा.

एवढं करूनही पैसे खर्च करायची हौस असलीच तर बॉडी बदलू नका, एक ५० एमएम एफ १.८ घ्या. किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ पर्यंतच उघडते, त्यापेक्षा ही तीन स्टॉपहून, म्हणजे आठपटीहून जास्त उजेड आत घेते, म्हणजे आमच्या घरातल्या एका बल्बच्या उजेडात आई वाती वळत बसलेली असते तो फोटो फ्लॅशशिवाय निघतो, सुरकुत्यांसकट. कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) आहे, त्यामुळे डीएसएलआरच्या लेन्सा सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागल्यात, आणि कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सा आजच्या ईओएस डीएसएलआरवर बसतात. निकॉनवाल्यांनी मात्र एक बघावं, डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथं लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं असलं तरच घ्या ('एएफ-पी' यातल्या नव्या बॉडींवर चालतं, जुन्यांवर नाही), नाहीतर फोकस हातानं फिरवत बसावं लागतंय.

पुतण्यानं कॅमेरा विकला नाही. परवा पहाटे सिद्धेश्वर तलावावर गेला होता, धुकं आणि देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब, यावेळी अधिक एकवर काढलं म्हणून फोनवर सांगत होता.

संपादक महोदय, तुमच्याकडे एकच मागणं आहे. वाचकांनी काढलेला आठवड्याला एक फोटो छापा, मोबाईलचा नको, कॅमेऱ्याचा, आणि खाली नावाबरोबर लेन्स, शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि फोटो कुठं, किती वाजता काढला हेही छापा. फुलं, सूर्यास्त कमी घेतले तरी चालेल, भाकरी थापणाऱ्या बायका, मागावरचे कामगार, एसटी स्टँड, मार्केट यार्डातली कांद्याची गाडी असले घ्या. पहिला फोटो पुतण्याचा मी त्याला पाठवायला सांगतोच आहे.

आपला नियमित वाचक,
अशोक चौक, सोलापूर