आमच्या मुलांचे गुरुजी परत द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझी मुलगी तिथेच सातवीत शिकते. मागच्या आठवड्यात आमचे गणित-विज्ञानाचे गुरुजी अतिरिक्त, म्हणजे पटाच्या मानाने जास्तीचे, ठरले आणि त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत झालं. सहावी ते आठवीला आमच्याकडे 22 मुलं बसतात. त्यातल्या चौघांचं आधार वैध झालं नाही, म्हणून कागदावर 18 उरली. पट विसाच्या आत गेला आणि पद गेलं.

राज्यातली एकही शाळा बंद होणार नाही, असं सरकार वारंवार सांगत आलं आहे. आमच्या शाळेला कुलूप लागलेलं नाही, हे खरं. पण सातवीच्या मुलांना गणित शिकवायला माणूस नसेल, तर त्या उघड्या दाराचं आम्ही काय करायचं?

ती चार मुलं कोण आहेत, हेही ऐका. तिघं ऊसतोड मजुरांची. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याच्या फडावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं आजीजवळ राहतात. कुणाच्या नावात एक अक्षर चुकलंय, कुणाची जन्मतारीख जुळत नाही. दुरुस्तीला आईबाप हवेत आणि ते असतात परजिल्ह्यात. ही मुलं रोज वर्गात हजेरी देतात, पण पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या तुमच्या संचमान्यतेत ती नाहीत.

बाकीची मुलं कुठे गेली, तेही सांगते. गावातल्या ज्यांची ऐपत होती, त्यांची मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. कित्येक घरांत मुलगा व्हॅनमध्ये आणि मुलगी इथे. मागे राहिल्या मुली, मजुरांची मुलं, वस्तीवरची मुलं, घरी अभ्यास घ्यायला कुणी नसलेली मुलं. मग गुणवत्ता चाचणीचे तक्ते येतात आणि बैठकीत आमची शाळा लाल रंगात दाखवतात. अरे, पण या वर्गात कोण बसलंय ते तरी बघा! ज्यांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज आहे, ती मुलं एका ठिकाणी गोळा झाली आणि तुम्ही तिथलाच शिक्षक उचलला. उद्या निकाल आणखी घसरेल, व्हॅनमध्ये आणखी दोघं बसतील, पट पुन्हा कमी होईल, आणि तेच आकडे पुढच्या कपातीचं कारण म्हणून आमच्यासमोर ठेवाल.

माझ्या मुलीला मी इथेच ठेवलं. नातेवाईक बोलले, सासरच्यांनी टोमणे मारले, तरी ठेवलं, कारण गुरुजी चांगले होते. संध्याकाळी थांबून अपूर्णांक समजावणारे. आता ती विचारते, बीजगणित कोण शिकवणार? पुढची शाळा ओढ्यापलीकडे आहे आणि पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहतं. तिला सोडायला-आणायला गेले की माझी अर्धी मजुरी बुडते. नाही गेले तर घरात विषय निघतो, मुलीला किती शिकवायचं? हा विषय आमच्या घरातून मी मोठ्या कष्टाने हद्दपार केला होता. तुमच्या एका आदेशाने तो परत आला. साहेब, रात्री झोप लागत नाही मला.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक लिहिला आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी एक. त्यात विसाची अट नाही. ती 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने आली. संसदेचा कायदा मोठा की मंत्रालयाचं परिपत्रक? त्याच कायद्याने व्यवस्थापन समिती नेमली, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. गुरुजींना हलवताना त्या समितीला कुणी विचारलं? आमच्या सह्या फक्त पोषण आहाराच्या वहीवर चालतात का?

विसाच्या आतल्या पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात आहेत म्हणे. त्यात शिकणाऱ्यांपैकी एक तरी मूल आमदाराचं, सचिवाचं आहे का? शेजारशाळा ही कल्पना शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने 1966 मध्ये मांडली: साहेबाचं आणि मजुराचं मूल एकाच शाळेत. ती कुणी गुंडाळली? फेब्रुवारी 2024 मध्ये तर सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब-वंचित मुलांच्या 25 टक्के मोफत प्रवेशांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून वाचलो. म्हणजे तिकडचं दार लावायचं आणि इकडचे शिक्षक काढायचे, मग गरिबाने जायचं कुठे?

शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज आम्ही मुलं धाडतोय आणि शासन शिक्षक धाडत नाही. या वेळी दंड कुणाला करायचा?

मागणं एवढंच: पट वर्गातल्या हजेरीवरून धरा, आधारवरून नको. आणि आमचे गुरुजी परत द्या. निवृत्त किंवा कंत्राटी माणूस पाठवून बोळवण करू नका. ऑक्टोबरमध्ये प्रथम सत्राची परीक्षा आहे. सातवीला गणित कोण शिकवणार आणि पेपर कोण तपासणार, ते त्याआधी लेखी कळवा.

आपली,
एक पालक