‘विनाअपघात, ४२ हजार किमी’ म्हणून विकलेल्या गाडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता येथे वगळला आहे)

विषय: खोट्या तपासणी अहवालावर विकलेली मोटार परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

महोदय,

आपल्या पुणे शाखेने ४,८५,००० रुपयांना विकलेली ही पेट्रोल हॅचबॅक मार्च २०१८ च्या नोंदणीची आहे. गाडीसोबत दिलेल्या ‘१५० मुद्द्यांच्या तपासणी अहवाला’त तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या आहेत: रनिंग ४२,३०० किमी, अपघात नाही, पुरात बुडालेली नाही. यांतली शेवटची खरी आहे. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे कनेक्टर, स्टेपनीचा खड्डा, शेवटपर्यंत ओढून पाहिलेला सीटबेल्ट, कुठेही गाळ किंवा पाण्याची रेघ नाही. उरलेल्या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि त्याचे पुरावे गाडीवरच आहेत.

आधी रनिंग. नोंदणी क्रमांकावरून मिळालेल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डमध्ये शेवटची नोंद ऑगस्ट २०२२ ची असून तेव्हाचे रीडिंग ७१,९४० किमी आहे. त्यानंतर एकही नोंद नाही. म्हणजे गाडी बाहेरच्या गॅरेजात जाऊ लागली आणि विक्रीआधी मीटर मागे घेतला गेला. आपल्या अहवालात ‘सर्व्हिस हिस्ट्री उपलब्ध’ या ओळीपुढे बरोबरची खूण आहे, पण रेकॉर्डची प्रत जोडलेली नाही. तपासणाऱ्याने रेकॉर्ड पाहिला असेल तर ७१ हजारांचा आकडा त्याला दिसलाच असणार. पाहिला नसेल तर खूण कशाच्या आधारावर केली?

कागद बाजूला ठेवला तरी टायर बोलतात. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष. या गाडीच्या स्टेपनीवर ०४१८ आहे, म्हणजे २०१८ चा चौथा आठवडा, कंपनीतून आलेला मूळ टायर. चालत्या चारही टायरांवर ३१२१ आहे, म्हणजे मूळ संच संपून २०२१ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर दुसरा बसवला. हा दुसरा संचही आता १.६ मिमीच्या वेअर इंडिकेटरपर्यंत (झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या उंचवट्यापर्यंत) झिजलेला आहे. अशा गाडीचा एक संच साधारण ४० ते ५० हजार किमी जातो. दोन संच संपवणारी गाडी ४२ हजारांवर कशी थांबते, हे आपल्या तपासनिसाने समजावून सांगावे. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र कोरे आहेत, तर स्टिअरिंगची वरची बाजू गुळगुळीत झाली आहे. जुन्या गाडीत नवे पेडल रबर दिसले की ते का बदलले, हे विचारायचे असते. उजव्या दाराच्या पिलरवर ऑइल बदलाचे स्टिकर खरवडून काढल्याची खूण आहे, कारण त्यावर पुढच्या बदलाचे किलोमीटर लिहिलेले असतात.

ताबा मिळाला त्याच दिवशी गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, तेव्हा ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ २३ किमी दिसले. कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर या दोन्हींच्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ होत्या. बॅटरी काढली तरी असे होऊ शकते, हे मान्य. पण मग बॅटरी का काढली, याची नोंद अहवालात हवी. डिलिव्हरीच्या तोंडावर कोड पुसलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा बंद असणे हा काही तिच्या तब्येतीचा पुरावा नाही.

सर्वात गंभीर मुद्दा एअरबॅगचा आहे. त्यावर किमतीत सूट देऊन तडजोड होणार नाही. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागून राहिला तर दोष आहे, आणि मुळीच लागला नाही तर तो दोष कोणीतरी झाकला असण्याची शक्यता असते. या गाडीत तो लागतच नाही. मीटरभोवतीच्या प्लास्टिकवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आहेत, म्हणजे मीटर उघडला गेला आहे. साधा ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिन वाचतो; सर्व मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लावल्यावर ड्रायव्हरच्या सीटबेल्ट प्रीटेन्शनरचे सर्किट ओपन (तुटलेले) असल्याचा कोड आला. पुसला तरी चावी फिरवताच तो परत येतो. प्रीटेन्शनर हे एकदाच उडणारे साधन आहे. धडकेत त्यातला स्फोटक चार्ज पेटून पट्टा आवळतो, आणि त्यानंतर पूर्ण युनिट बदलावे लागते. इथे ते बदललेले दिसत नाही. स्टिअरिंगवरच्या एअरबॅगच्या झाकणाचा पोत आणि रंगही बाजूच्या प्लास्टिकशी जुळत नाहीत. आत एअरबॅग आहे की नुसते झाकण, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्या प्रतिनिधीसमोर उघडून पाहावे. रस्त्याकडेच्या मेकॅनिककडून ते उघडून घेणे धोक्याचे आहे. आपल्या अहवालात याच मुद्द्यापुढे ‘ओके’ आहे.

आता धडक कुठे बसली ते. पेंटची जाडी मोजणाऱ्या गेजवर छप्पर आणि डावी बाजू ११० ते १२५ मायक्रॉन दाखवते. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० च्या पट्ट्यात असतो. बॉनेट २६०, उजवा फेंडर २४०, तर उजव्या पुढच्या दाराच्या खालच्या भागात ६१०. पहिले दोन आकडे दुबार रंगाचे आहेत, तिसरा खड्डा भरायला लावलेल्या लांबीचा (पुटीचा). नुसता रंग हा आमचा आक्षेप नाही. शहरात फेंडर घासतात आणि लोक ते रंगवून घेतात. आक्षेप बॉनेट उघडल्यावर सुरू होतो. डाव्या ॲप्रनवर (इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर) कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे ठरावीक अंतरावर आहेत. उजव्या ॲप्रनवर ते नाहीत; तिथे हाताने मारलेल्या मिग वेल्डची रेघ असून वर ब्रशने सीलंट फासलेले आहे. म्हणजे ॲप्रन कापून बदलला किंवा ठोकून सरळ केला. उजव्या चेसिस लेगवर (सांगाड्याच्या पुढच्या दांड्यावर) ओढकामाच्या क्लॅम्पचे दात उमटलेले आहेत. याला ‘मायनर टचअप’ म्हणत नाहीत.

आपल्या विक्री प्रतिनिधीने यावर दिलेले उत्तर असे: ‘पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे अपघात झालेला नाही.’ हा युक्तिवाद बहुतेक शोरूममध्ये ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. हा बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. त्यामुळे त्यावरून एवढेच कळते की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतलेला नाही. धडक बसली आणि बोनस वाचवायला किंवा अन्य कारणाने रोखीने बाहेर दुरुस्ती करून घेतली, तरी बोनस तसाच राहतो. या गाडीचे वेल्डिंग पाहता नेमके तेच घडले असावे. विम्यातून अधिकृत वर्कशॉपमध्ये काम झाले असते तर नवा प्रीटेन्शनर बिलात आला असता. शिवाय हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. ‘५० टक्के बोनससह पॉलिसी ट्रान्सफर’ अशी जाहिरात आपण करता, पण हस्तांतरानंतर जुन्या मालकाच्या बोनसची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते.

कागदपत्रांची स्थितीही नीट नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून फॉर्म २९बी मधील अधिकारपत्र घ्यावे लागते. मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी ची सूचना जाते आणि तिथून गाडीची जबाबदारी डीलरवर येते. आपल्या शाखेत २९बी लावलेले नाही, मागूनही दाखवले नाही. फाइलमध्ये २९सी नाही. त्याऐवजी पहिल्या मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे) आहेत. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून कायम आहे. फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) ‘येईल’ असे सांगितले गेले. खासगी मोटारीचे हस्तांतर शुल्क ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २००. आपण ‘आरसी ट्रान्सफर’साठी १२,५०० रुपये घेतले आहेत. उरलेली रक्कम एजंटची असेल तर तशी पावती द्यावी.

बिल म्हणून दिलेली ‘डिलिव्हरी नोट’ हे टॅक्स इनव्हॉइस नव्हे. त्यावर जीएसटी क्रमांक नाही, चेसिस क्रमांक नाही आणि मीटरचे रीडिंगही नाही. शेवटची गोष्ट नजरचुकीने राहिली असेल असे वाटत नाही. संकेतस्थळावरच्या फोटोंत नंबर प्लेट झाकलेली असते आणि परत न मिळणारे १०,००० रुपयांचे टोकन भरल्यावरच नोंदणी क्रमांक मिळतो. हेही त्याच पठडीतले. क्रमांक आधी मिळाला तर ग्राहक सर्व्हिस रेकॉर्ड, बोजा आणि चलने टोकनआधी तपासेल. ज्याला लपवायचे नाही त्या डीलरला याची अडचण होत नाही.

आमची मुख्य मागणी: गाडी परत घ्यावी आणि ४,८५,००० रुपये, हस्तांतराचे १२,५०० आणि भरलेला विमा हप्ता पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावा. गाडी ताब्यात घेताना मीटरचे रीडिंग दोन्ही बाजूंच्या सहीने लिहावे. मोफत सर्व्हिसिंग, वाढीव वॉरंटी किंवा दुसऱ्या गाडीवर सूट यांपैकी काहीही स्वीकारले जाणार नाही. आपली सहा महिन्यांची वॉरंटी फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे, आणि आमची तक्रार या दोन्हींबद्दल नाही. तपासणी अहवालावर सही करणाऱ्याने कोणत्या उपकरणाने काय मोजले, त्याची मूळ नोंदही पाठवावी. खुणा नकोत, आकडे हवेत.

मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. २०१९ च्या कायद्यानुसार ती ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. डीलरच्या अधिकारपत्राबाबत आरटीओकडे स्वतंत्र अर्ज जाईल. मीटर फिरवण्याबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडे तक्रार होईल. ती कोणाविरुद्ध करायची, हे गाडी आपल्याकडे आली तेव्हाच्या रीडिंगवरून ठरेल. त्यामुळे पहिल्या मालकाकडून गाडी घेतानाचा आपला खरेदी अहवाल जपून ठेवावा.

सोबत: सर्व्हिस रेकॉर्ड, स्कॅनरचे दोन अहवाल, पेंट गेजची तारखेसह छायाचित्रे, टायर कोड आणि उजव्या ॲप्रनची छायाचित्रे, डिलिव्हरी नोट व तपासणी अहवालाच्या प्रती.

कळावे,
ग्राहक
(सही)